सात गुण गेले कुठे?

अमेरिकेत आल्यावर मोजमापांच्या बाबतीत माणसाने फारशी अपेक्षा ठेवू नये, हे आम्ही एम.एस.च्या पहिल्या सेमिस्टरलाच शिकलो. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, ५२८० फुटांचा मैल, ३२ अंशांवर गोठणारं आणि २१२ अंशांवर उकळणारं पाणी! मेट्रिक पद्धतीवर पोसलेल्या इंजिनियरने हे सारं निमूटपणे गिळायचं असतं. त्यामुळे आमच्या कन्यारत्नाने हायस्कूलच्या टेनिस टीममध्ये नाव घातलं आणि घरात पंधरा, तीस, चाळीस हा नवा पाढा सुरू झाला, तेव्हा सौ. म्हणाली, "हेही यांचंच काहीतरी असणार." वाचकहो, अमेरिकेवर हा आळ घेऊ नका. हा पाढा फ्रेंचांचा आहे.

टेनिसचा पूर्वज म्हणजे मध्ययुगात फ्रान्समध्ये तळहाताने चेंडू टोलवून खेळला जाणारा खेळ. त्यात पंधरा, तीस, पंचेचाळीस असे गुण मोजत. पंचेचाळीसचं पुढे चाळीस झालं. घड्याळाच्या तबकडीवर काटा पाव-पाव फिरवून गुण दाखवत, म्हणून पंधरा, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही, आणि घड्याळांवर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला त्याच्या आधीपासून हे पंधरा-तीस चालू आहे. शून्याला ‘लव्ह’ म्हणतात त्याचीही तीच गत. कोणी म्हणतं, शून्य अंड्यासारखं दिसतं आणि फ्रेंचमधलं अंडं म्हणजे ‘लफ’, त्याचं इंग्रजांनी लव्ह केलं. कोणी म्हणतं, ज्याच्या पदरी काहीच नाही तो निव्वळ प्रेमापोटी खेळतो. दोन्हींतलं एकही सिद्ध झालेलं नाही. ‘ड्यूस’चा मात्र उलगडा होतो. तो फ्रेंचमधला ‘दोन’. चाळीस-चाळीस झाले की आता लागोपाठ दोन पॉइंट घेतल्याशिवाय सुटका नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे ऐकून हसू येतं खरं, पण हसण्यापूर्वी आपण आपलं अंगण आठवावं. विटीदांडू खेळताना आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजत होतो. तेव्हा ‘एक, दोन, तीन, चार का नाही?’ असं कोणी विचारल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. पुढे एम.एस.ला आमचा रूममेट विजयवाड्याचा निघाला आणि तो फोनवर ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ करू लागला, तेव्हा सांगलीच्या मातीत आम्ही तेलुगू बोलत होतो याचा शोध लागला. खेळाचे आकडे एकदा जिभेवर बसले की ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. एरवी इंग्रजांना सोपी पद्धत ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? १८७४ साली मेजर विंगफिल्डने लॉन टेनिसचा संच बाजारात आणला, तेव्हा गेम सरळ एकपासून पंधरापर्यंत मोजायचा होता. १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा भरवताना ऑल इंग्लंड क्लबने ती सरळ मोजणी बाजूला ठेवली आणि जुन्या टेनिसची पंधरा-तीसची पद्धत घेतली. त्या कमिटीचे आभार मानावेत की नाही, हा प्रश्न आमच्या घरात २०२४ च्या सप्टेंबरात उपस्थित झाला.

त्याचं असं झालं, की त्या वर्षी आमची आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली होती. आई एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होती. संध्याकाळी टॅली लागल्याशिवाय घरी न येणारी बाई. चार आण्यांचा फरक शोधायला रात्रीचे आठ वाजवलेले आम्ही लहानपणी पाहिलेत. इकडे मुलींच्या शाळांचा टेनिस सीझन शरदात असतो. शाळा विरुद्ध शाळा, तीन सिंगल्स आणि दोन डबल्स. नात तिसरी सिंगल्स खेळणार म्हटल्यावर आजी घडीची खुर्ची, थर्मास आणि दोनशे पानी वही घेऊन कोर्टाच्या जाळीबाहेर हजर. वहीत दोन रकाने: ‘आपली’ आणि ‘ती’. प्रत्येक पॉइंटला एक रेघ, चार रेघांवर एक आडवी.

आणि त्या दिवशी कन्या हरली. ४-६, ६-१, ५-७. गाडीत बसल्यावर दहा मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "अरे, माझ्या वहीत आपले एक्क्याण्णव आहेत आणि तिचे चौऱ्याऐंशी. सात जास्त. मग आपण हरलो कशा?"

"आजी, इट्स नॉट लाइक दॅट," कन्या म्हणाली आणि तिने कानात हेडफोन घातले.

"ते असू दे. माझे सात गुण गेले कुठे, तेवढं सांगा."

आता हा प्रश्न रास्त होता. घरी आल्यावर चहाच्या कपासोबत आम्ही कागद घेतला. जे वाचक आमच्याप्रमाणे टेनिसच्या मुलुखात नवखे असतील, त्यांनीही इथे सोबत बसावं.

चार पॉइंटचा एक गेम: पंधरा, तीस, चाळीस, गेम. पण दोनची आघाडी हवी, म्हणून चाळीस-चाळीसला ड्यूस. त्यानंतरचा पॉइंट घेणाऱ्याला ‘ॲडव्हांटेज’. पुढचाही घेतला तर गेम त्याचा, गमावला तर पुन्हा ड्यूस, आणि असं कितीही वेळा. सहा गेमचा एक सेट, तिथेही दोनची आघाडी. ६-६ झाले तर टायब्रेक, म्हणजे साध्या एक-दोन-तीन मोजणीने सात पॉइंट, पुन्हा दोनच्या आघाडीने. तीनपैकी दोन सेट जिंकले की मॅच. गुण ओरडताना सर्व्हिस करणाऱ्याचा आकडा आधी, हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘पंधरा-तीस’ ऐकून भलत्याच मुलीसाठी टाळ्या पडतात.

हे आईला तोंडपाठ होतं. तिची हरकत वेगळी होती. आम्ही तिच्याच वहीतून सेटवार बेरजा काढल्या. पहिला सेट: आपली २८, ती ३२. दुसरा: आपली २८, ती १३. तिसरा: आपली ३५, ती ३९. म्हणजे दोन सेट आपण चार-चार गुणांनी हरलो आणि एक पंधरा गुणांनी जिंकलो. बेरीज सात जास्त, पण दुसऱ्या सेटमधली ती पंधराची शिल्लक पुढे ओढताच येत नाही. सेट संपला, खातं बंद.

"म्हणजे बुडीत खाती," आई म्हणाली.

अगदी बरोबर. चाळीस-शून्यवरून जिंका किंवा सात ड्यूसनंतर घाम गाळून जिंका, गेम एकच. तो संपला की दोघांच्या नावे पुन्हा शून्य. क्रिकेटमध्ये सकाळची धाव संध्याकाळपर्यंत खात्यावर राहते, आपल्या कबड्डीत पहिल्या चढाईचा गुण शेवटच्या शिट्टीपर्यंत जिवंत असतो. टेनिसमध्ये दर चार-पाच मिनिटांनी पाटी पुसली जाते. दहावीच्या बोर्डात गणितात शंभरापैकी शंभर पडले तरी इतिहासात वेगळं पास व्हावं लागतंच, तसंच. आणि या देशात राहणाऱ्यांना तर अधिक जवळचा दाखला आहे: देशभरात जास्त मतं मिळवूनही २००० साली आणि पुन्हा २०१६ साली उमेदवार हरले, कारण हिशेब राज्यवार होतो. तिकडे हरल्यावर लोक कोर्टात जातात. इथे मुळात कोर्टावरच असतात.

आईची खात्री पटावी म्हणून आम्ही मोठ्यांची उदाहरणं काढली. २०१० सालच्या विंबल्डनमध्ये आयस्नर आणि माहू यांची पहिल्या फेरीची मॅच तीन दिवस चालली, ११ तास ५ मिनिटं. तेव्हा तिथे पाचव्या सेटला टायब्रेक नव्हता. तो सेट आयस्नरने ७०-६८ असा जिंकला. मध्येच ४७-४७ वर स्कोअरबोर्डच बंद पडला, कारण इतके आकडे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. (प्रोग्रॅमर मंडळींनी ही गोष्ट जपून ठेवावी.) या मॅचमध्ये हरलेल्या माहूचे पॉइंट ५०२ आणि जिंकलेल्या आयस्नरचे ४७८. आणि २०१९ ची विंबल्डन फायनल! फेडररचे पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. गेम मोजले तरी फेडरर ३६, जोकोविच ३२. पाचव्या सेटमध्ये ८-७, चाळीस-पंधरा, सर्व्हिस फेडररची, म्हणजे एक पॉइंट घेतला की करंडक, आणि तशा दोन संधी. दोन्ही गेल्या. तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही जोकोविचने घेतले. मॅच त्याची.

"तो नीटनेटका मुलगा ना? शर्ट खोचून खेळतो तो?" आईने हळहळून विचारलं. त्याच फेडररने २०२४ च्या जूनमध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपला हिशेब सांगितला होता. सिंगल्सच्या १५२६ मॅचेसपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकल्या, पण पॉइंट जिंकले ते फक्त ५४ टक्के.

इथे आमच्यातला इंजिनियर जागा झाला. शंभरातले ५५ पॉइंट जिंकणारा खेळाडू गेम किती जिंकेल? गणित केलं तर शंभरातले सुमारे ६२. पॉइंट ६० जिंकत असेल तर गेम ७३-७४. गेमवरून सेट, सेटवरून मॅच, प्रत्येक पायरीवर तो फरक फुगत जातो. आमच्या भाषेत याला अँप्लिफायर म्हणतात. एकेका पॉइंटचा नशिबाचा भाग, म्हणजे नेटला घासून पलीकडे पडलेला बॉल, वाऱ्याने वळलेला बॉल, तो या पायऱ्यांमध्ये बराचसा गाळला जातो आणि जो रोज थोडासाच सरस आहे तो बहुतेक वेळा वर येतो. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चक्रवाढ व्याज म्हण की सरळ." म्हणून पद्धत एकंदरीत न्यायीच आहे. फक्त दोघं तोडीस तोड असतील तेव्हा मधूनमधून एखादा माहू, एखादा फेडरर तिच्या दातांत सापडतो.

आमचं स्वतःचं मत विचाराल तर या पद्धतीचा खरा गुण वेगळाच आहे. तिच्यात घड्याळ नाही. कबड्डीत चार गुण वर असलं की शेवटची दोन मिनिटं चढाईत वेळ काढता येतो. फुटबॉलमध्ये गडी पाय धरून लोळतात. टेनिसमध्ये आघाडीवर बसून राहता येत नाही. शेवटचा पॉइंट खेळून जिंकावाच लागतो आणि तो जिंकेपर्यंत समोरचा हरलेला नसतो. १९९३ ची विंबल्डनची महिला फायनल आम्ही शाळेत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली होती. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ वर, सर्व्हिस तिची, चाळीस-तीस. तिथे डबल फॉल्ट झाला आणि तिथून स्टेफी ग्राफने सेट ६-४ असा काढला. डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं टेकून रडणारी नोवोत्ना आमच्या पिढीला विसरता येणार नाही. (१९९८ साली तिने विंबल्डन जिंकलं, तेव्हा शेजारचे काकाही रडले.) म्हणूनच अलीकडच्या सुधारणा आम्हाला अर्ध्याच पटतात. न्यूपोर्टच्या जेम्स व्हॅन ॲलनने काढलेला टायब्रेक १९७० साली यू.एस. ओपनने घेतला, ते ठीकच झालं. २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला ६-६ वर दहा पॉइंटांचा टायब्रेक खेळतात, तेही एक वेळ मान्य, माणसाला रात्री झोपायचं असतं. पण इथल्या कॉलेज टेनिसमध्ये चाळीस-चाळीसनंतर एकाच पॉइंटवर गेम तोडतात, ते आम्हाला रुचत नाही. ड्यूस काढून टाकणं म्हणजे मिसळीतून तर्री काढणं.

सात गुणांचा छडा लागला. पण आईचा दुसरा प्रश्न बाकी होता, आणि तो आम्हीही मनात दाबून ठेवला होता.

"तो शेवटचा बॉल बाहेर होता," आई म्हणाली. "मी स्वतः पाहिला. पंच कुठे होता?"

पंच नव्हताच. टीव्हीवर टेनिस पाहणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. यू.एस. ओपनमध्ये २०२१ पासून सगळ्या कोर्टांवर आत-बाहेरचा निवाडा कॅमेरे करतात, आणि विंबल्डननेही २०२५ मध्ये लाइनवरच्या पंचांना रजा दिली. त्याच ऑगस्टात आम्ही आईला फ्लशिंग मेडोजला पात्रता फेरीच्या मॅचेस दाखवायला नेलं होतं (त्या आठवड्यात तिकीट लागत नाही, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं), तेव्हा तिने ते यंत्राचं ‘आऊट’ ऐकलं होतं. शाळेच्या कोर्टावर यातलं काहीच नसतं. तुमच्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे तुम्हीच सांगायचं. गुणही खेळाडूंनीच मोजायचे. सर्व्हिस करणारीने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने म्हणायचा, म्हणजे समोरचीला ऐकू जाईल आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे हरकत घेता येईल. वाद झालाच तर ज्या पॉइंट्सबद्दल दोघींचं एकमत आहे ते सगळे धरायचे आणि वादातले तेवढे पुन्हा खेळायचे. प्रेक्षकांनी, विशेषतः आईबापांनी, तोंड उघडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की बॉल बाहेर असल्याची पुरती खात्री नसेल तर तो आत. शंकेचा फायदा समोरच्याला.

तिसऱ्या सेटमध्ये ५-६, तीस-चाळीस, सर्व्हिस आमच्या कन्येची. हा पॉइंट गेला की मॅच गेली. लांबलचक रॅली झाली, आणि समोरच्या मुलीचा एक खोल फटका बेसलाइनपाशी पडला. आमच्या बाकावरून तो बाहेर वाटला. सौ.ला वाटला, आईला वाटला. जाळीला धरलेली आमची बोटं पांढरी पडली होती. कन्येने हात वर केला असता, ‘आऊट’ म्हटलं असतं, तर चाळीस-चाळीस, ड्यूस, आणि मॅच जिवंत. तिने तो बॉल मागे रेलून कसाबसा परत मारला आणि तो नेटमध्ये गेला. मग ती पुढे गेली आणि तिने हात मिळवला.

"आजी, मी मागे जात होते. मला नीट दिसला नाही," हेडफोन काढून कन्या म्हणाली. एव्हाना ती चहाच्या टेबलाशी येऊन बसली होती.

"पण आम्हाला दिसला ना!"

"तुम्ही जाळीच्या बाहेर होतात. मला दिसला नाही, म्हणजे आत."

"आणि त्या मुलीने तुझे किती बाहेर दिले?"

"ते तिचं ती बघेल."

सौ. काही बोलणार होती, ती थांबली. आम्हीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर आमच्या पोटात कालवत होतं. या देशात वीस वर्षं काढताना व्हिसाचे कागद असोत की नोकरीतले प्रमोशन असो, प्रत्येक शंका आमच्याविरुद्धच धरली गेली आहे अशी आमची समजूत आहे, आणि इथे आमचीच पोर आपल्या हातातली शंका समोरच्याला देऊन आली होती.

आईने वही पुढे ओढली. बराच वेळ शेवटचं पान पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्या काउंटरवर असंच होतं. दिवसअखेर कॅश कमी भरली तर कॅशियरने पदरचे घालायचे. जास्त निघाली तर ती कॅशियरची नाही, वेगळ्या खात्यात जमा. मोजणारी मी, म्हणून संशय माझ्यावर. सुरुवातीला फार राग यायचा."

"मग?" कन्येने विचारलं.

"मग काय? एकतीस वर्षं केलं. पण दोनदा मोजायला शिकले. तू जरा लवकर मागे जात जा, म्हणजे दिसेल."

हे टेनिसमधलं तांत्रिक मार्गदर्शन कोचच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळणारं होतं, असं नंतर कळलं.

पुढच्या मॅचला आईने वहीत तिसरा रकाना आखला आणि त्यावर ‘शंका’ असं लिहिलं. कुठल्या मुलीने लाइनजवळचा बॉल न बोलता आत धरला, त्याच्या खुणा. बेरजा आता गेमवार, प्रत्येक सेट वेगळ्या पानावर, खाली दुहेरी रेघ. ऑक्टोबरअखेर ती परत गेली. वही इथेच राहिली. २०२५ चा सीझन सौ.ने भरला. दर रविवारी फोनवर सांगलीला आकडे वाचून दाखवावे लागत, आणि तिसऱ्या रकान्याशी आलं की आई सौ.ला म्हणायची, "जरा सावकाश वाच गं."